माती गेली, टँकर आला

मार्च उजाडला, की नव्या वसाहतींच्या दारात सकाळी दोन आवाज हटकून ऐकू येतात. एक टँकरच्या पंपाचा आणि दुसरा बागेतल्या पाइपचा. घरात पाणी जपून वापरा, अशी सूचना फलकावर लागलेली असते आणि फलकाच्या मागेच हिरवळीवर पाणी धो धो सोडलेले असते. माळ्याला हटकावे, तर तो सांगतो, ‘सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.’ त्याचे खरेच असते. त्याच्या खुरप्याला चार बोटे माती लागते आणि त्याखाली मुरूम, विटांचे तुकडे, वाळून दगड झालेले सिमेंट. तिथे पाणी राहणार कशात?

पुण्याभोवतीच्या वाघोली, वाकड, बाणेर या परिसरात जिथे आज दहा-बारा मजली इमारती दिसतात, तिथे एके काळी शेते होती. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. गावे शहरात आली. पण त्यांची माती मात्र शहरात आली नाही. जेसीबीने ती पहिल्याच आठवड्यात खरवडली आणि डंपर ती घेऊन गेले. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पायाखालून ती काढावी लागते, हे मान्य. पण जिथे बाग व्हायची आहे, तिथलीही माती का जावी? जी थोडी उरते, ती अवजड यंत्रांच्या चाकांखाली दडपून फरशीसारखी होते. मग ना त्यात मूळ शिरते, ना पाऊस.

माती म्हणजे नुसता झाडाला आधार नव्हे. ती पाण्याची टाकी आहे. साधा हिशेब करून पाहू. चांगली पोयट्याची माती आपल्या आकारमानाच्या सुमारे १५ टक्के पाणी झाडांसाठी धरून ठेवते. दहा गुंठ्यांची, म्हणजे जवळपास हजार चौरस मीटरची बाग घ्या. माती १० सेंटिमीटर असेल, तर तीत १५ हजार लिटर पाणी मावते. ३० सेंटिमीटर असेल, तर ४५ हजार लिटर. फरक झाला दहा हजार लिटरच्या तीन टँकरांचा. तोही एकदाच नव्हे. माती जितक्या वेळा भिजेल, तितक्या वेळा. शिवाय या टाकीला ना वीज लागते, ना झाकण.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत, असे नाही. २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. वरची २० सेंटिमीटर माती वेगळी काढून साठवावी आणि झाडे लावताना पुन्हा वापरावी, अशी अट तीत घातली जाते. पण लहान इमारती या चाळणीतून सुटतात. आणि माती साठवायला सांगणे वेगळे, बागेत अखेर किती माती पडली हे पट्टी लावून मोजणे वेगळे.

हे मोजणे अशक्य नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये, ऐन दुष्काळात, आपले बागांचे नियम कडक केले. नव्या घराभोवती ५०० चौरस फुटांहून अधिक बाग करायची, तर आधी दडपलेली माती मोकळी करायची. दर हजार चौरस फुटांमागे सुमारे १०८ घनफूट कंपोस्ट वरच्या सहा इंचांत मिसळायचे. म्हणजे जेमतेम सव्वा इंचाचा थर! मातीत सेंद्रिय अंश मुळातच सहा टक्क्यांहून अधिक असेल, तर सूट. नियमाचा नमुना राज्याचा, अंमल मात्र गावोगावच्या स्थानिक संस्थांचा.

आपल्या महापालिकांनीही असा एक सोपा नियम का करू नये? बागेच्या जागी किमान ३० सेंटिमीटर जिवंत माती, मोठ्या झाडांसाठी त्याहून खोल, खाली दडपलेला थर फोडलेला, राडारोडा शून्य. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी अभियंत्याने चार ठिकाणी पहार मारून पाहावे, इतकेच. मात्र हे नकाशा मंजुरीच्या वेळीच ठरायला हवे. आज कित्येक बागा पार्किंगच्या स्लॅबवर असतात. ३० सेंटिमीटर ओल्या मातीचे वजन चौरस मीटरला अर्धा टन भरते. ते पेलायची तजवीज आधी केली नाही, तर मागाहून माती टाकणे धोक्याचे.

घर पाहायला जाताना आपण नळ सोडून पाहतो, फरशीवर टिचकी मारतो. आता बागेतही वाकून पाहावे आणि ‘इथे माती किती खोल आहे?’ असे विचारावे. राहायला गेलेल्यांनी निदान पालापाचोळा जाळू नये. स्लॅब नसेल तिथे त्याचे खत करून जमिनीत मिसळावे.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपण खेड्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. पण जिरवायचे कशात, याचा शहरात विचारच केला नाही. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती घेऊन जायला डंपरला एक सकाळ पुरते.