एकाच डब्यातला कचरा

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. मुलुंड पूर्वेला माझा दवाखाना आहे. एका सकाळी कचरा वेचणाऱ्या एक बाई बोटाला चिंधी गुंडाळून आल्या. कचरा निवडताना सुई टोचली होती. कोणत्या इमारतीत, असे विचारल्यावर त्यांनी आमच्याच सोसायटीचे नाव सांगितले. सोसायटीत इन्सुलिन घेणारे किती जण आहेत ते मला ठाऊक नव्हते. एक घर मात्र पक्के ठाऊक होते. माझे! आईला दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावे लागते आणि त्या सुया आमच्याकडे भाजीच्या देठांबरोबर एकाच डब्यात जात होत्या. रुग्णांना पथ्य सांगणाऱ्याच्या घरचा हा कारभार.

अशी सुई टोचली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. बोट पिळू नये, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. काविळीच्या 'बी' प्रकाराचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरू शकतो. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. त्या बाईंना मी लगेच रुग्णालयात पाठवले. पुढे त्यांच्या सर्व तपासण्या चांगल्या आल्या, पण निकाल येईपर्यंतचे महिने त्यांनी कसे काढले असतील, याचा विचार मी टाळू शकत नाही.

तेव्हापासून कचऱ्याकडे मी निव्वळ स्वच्छतेचा प्रश्न म्हणून पाहत नाही. तो आरोग्याचाही प्रश्न आहे आणि त्याची सुरुवात आपल्या ओट्याखालच्या डब्यात होते.

ओला आणि सुका कचरा एकत्र झाला की दोन्ही वाया जातात. वरणाने भिजलेले वर्तमानपत्र रद्दीवाला घेत नाही, आणि ज्या उरलेल्या भातात ब्लेड पडले आहे त्याचे खत करता येत नाही. मग उरतो फक्त डंपिंग ग्राउंडचा रस्ता. तिथे थरावर थर पडत जातात, खालच्या अन्नाला हवा मिळत नाही आणि ते कुजताना मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब केला तर वजनाला वजन मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय तो पेट घेतो, आणि मग त्याच ढिगातले प्लॅस्टिक जळू लागते.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारला हेच झाले. १९२७ पासून कचरा घेणाऱ्या त्या जागेवर लागलेल्या आगीचा धूर गोवंडी, मानखुर्द, चेंबूर भागावर पसरला. उपग्रहाच्या छायाचित्रांतही तो दिसला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा धुरातले बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना त्याचा त्रास आधी होतो. आम्हा मुलुंडकरांना हे निराळे सांगायला नको. हरिओम नगरला लागून असलेले आमचे डंपिंग ग्राउंड सुमारे ५० वर्षे चालले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले, तेव्हा तिथे सुमारे ७० लाख टन कचरा साचलेला होता. बोरिवलीकडचे गोराईचे त्याआधीच, २००७ साली बंद झाले होते. पण जागा बंद झाली म्हणून कचरा थांबत नाही. आता तो कांजूरला जातो, एवढेच.

पावसाळ्यात याच कचऱ्याचे दुसरे रूप दिसते. खरकटे उघड्यावर पडले की उंदीर वाढतात. त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या भेगेतून आपल्या शरीरात शिरतात. त्यातच पिशव्यांनी गटारे तुंबली की ते पाणी दारापर्यंत येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतक्या पावसापुढे कोणतीही गटारे अपुरी पडली असती हे खरे. पण प्लॅस्टिकने नाले तुंबलेले होते, हेही तितकेच खरे. त्यानंतर शहरात लेप्टोची मोठी साथ आली होती.

'आम्ही वेगळा करतो, पण गाडीत सगळे एकत्रच होते,' अशी तक्रार मला नेहमी ऐकू येते. काही ठिकाणी ती खरी असते. म्हणून जे विकले किंवा जिरवले जाऊ शकते, ते गाडीपर्यंत जाऊच देऊ नये. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९० च्या दशकातच आपल्या गल्लीचा कचरा वेगळा करायला सुरुवात केली होती, आणि मुंबईतील एएलएम, म्हणजे नागरिक व पालिका यांच्या भागीदारीच्या योजनेचे ते आरंभीचे उदाहरण मानले जाते. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून कचरावेचक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन खत आणि बायोगॅसच्या कामात आणले. म्हणजे हे शहरात होऊ शकत नाही, असे नाही.

घरी करायचे ते थोडकेच. ओल्यासाठी झाकणाचा एक डबा, सुक्यासाठी एक पिशवी. खत करायचे असल्यास ओल्या कचऱ्यावर रोज सुका पाला किंवा नारळाच्या शेंड्यांचा भुसा टाकावा. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली असे समजावे. दीड-दोन महिन्यांत खत होते. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करू नये. तो एवढासा तुकडा कोणी वेचत नाही आणि थेट गटारात जातो. पिशवी विसळून, वाळवून रद्दीबरोबर द्यावी. ॲल्युमिनियमचे डबे कधीही फेकू नयेत. जुन्यापासून नवे करताना खनिजापासून करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. वेफर्सची चकचकीत पाकिटे मात्र भंगारवाला सहसा घेत नाही. ती कमी आणणे हाच उपाय, आणि माझ्या नातवंडांना तो मुळीच पटलेला नाही. करवंट्या आणि रिकामे डबे उपडे ठेवावेत, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळून वेगळे द्यावेत. सुया आणि ब्लेडसाठी जाड प्लॅस्टिकची झाकणाची बाटली ठेवावी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'सुया' लिहावे, आणि पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून कामगाराच्या हातात सांगून द्यावी. आमची बाटली फ्रिजवर असते. आई स्वतःच सुई तिच्यात टाकते आणि झाकण लावले का, ते मला विचारते.