तिरपी रेघ आणि उतावीळ पेशी

भिंतीवरची तसबीर जराशी कलली असली, तरी उंबरठ्यातूनच ती खटकते. ओळंबा लावून पाहावा लागत नाही. हे काम मेंदूत कोण करते आणि एवढ्या झटपट कसे करते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९५८ साली जवळजवळ अपघातानेच हाती लागले. अमेरिकेत बाल्टिमोर येथे ह्यूबेल व वीझेल हे दोघे संशोधक मांजराच्या दृष्टिकेंद्रातील एकेका पेशीशेजारी बारीक तार नेऊन तिचे विद्युत्-स्पंद ऐकत होते. काचपट्टीवरचा काळा ठिपका पडद्यावर कितीही नाचवला, तरी एक पेशी काही केल्या दाद देईना. पट्टी यंत्रात सरकवताना मात्र ती एकाएकी तडतडू लागली! ठिपक्याशी तिला कर्तव्यच नव्हते. काचेच्या कडेची पुसट सावली सरकली, त्या रेघेने ती जागी झाली होती. रेघ ठराविक कलाची असली की बोलायचे, नाहीतर गप्प, असा तिचा खाक्या. दुसऱ्या पेशीचा कल निराळा. १९८१ साली या दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पेशी किती जोराने बोलते, हे सेकंदातील स्पंद मोजून ठरवीत असत. पण १९९६ साली फ्रान्समध्ये थॉर्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना सेकंदाचा पन्नासावा भागच चित्र दाखवून, त्यात प्राणी आहे की नाही, असे विचारले. सेकंदाच्या सुमारे १५० सहस्रांशांतच मेंदूतील लहरींत उत्तराची खूण दिसली! तेवढ्यात निरोपाने दहाएक टप्पे ओलांडायचे. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पंधरा सहस्रांश. सेकंदाला शंभर स्पंद देणारी बोलकी पेशीसुद्धा तेवढ्यात एखादाच स्पंद देणार. मोजायचे काय, कपाळ?

जाग्या माकडांवरील प्रयोगांत, पेशीच्या प्रतिसादाच्या आरंभीच कलाची निवड उमटते, असे १९९३ साली दिसलेही होते. थॉर्प यांच्या मते स्पंद किती यापेक्षा प्रथम कोण बोलले, यात अर्थ असतो. दुसरा पक्ष म्हणतो, सभेत एकालाच शंभरदा विचारण्याऐवजी शंभर जणांना एकदाच हात वर करायला सांगा. मोजणी होते आणि वेळही जात नाही. आमचा कल या दुसऱ्या पक्षाकडे आहे, कारण एकटी पेशी लहरी असते. तीच रेघ पुन्हा दाखवली, तरी तिचे उत्तर दरवेळी थोडे बदलते. मात्र पहिल्या हाताला काहीच मोल नाही, असे आम्हांलाही म्हणवत नाही.