पासवर्ड कुणी दिला?

काकांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "रूटचा पासवर्ड तुला कुणी दिला?"

नेवाशातल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी याच गावात सांगितली गेली. तिच्यातले जुने शब्द अर्थासह शाळेतल्या मुलांपुढे यावेत म्हणून मी एक छोटा शब्दकोश तयार केला होता. शाळेतल्या जुन्या मशीनवर डेबियन लिनक्स होतं, म्हणून कोशाचं डेबियन पॅकेज बांधायचं ठरलं. ते बांधून झालं आणि आतल्या फायलींची यादी समोर आली. प्रत्येक ओळीत मालक रूट, गटही रूट.

लिनक्समध्ये रूट म्हणजे सर्वाधिकारी. काकांनी मला दिलेलं खातं साधं होतं आणि साध्या खात्याला स्वतःची फाइलसुद्धा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. "काका, शपथ घेतो, पासवर्ड मला माहीत नाही," मी म्हणालो. खरं तेच होतं. पण पुरावा माझ्या विरोधात समोर दिसत होता.

"मग माझ्यासमोर पुन्हा कर."

पॅकेज बांधण्याच्या आज्ञेत 'फेकरूट' असा एक शब्द होता. पुस्तिकेत होता म्हणून मी तो टाकला होता, त्याचा विचार केला नव्हता. आता तेवढाच शब्द टाइप करून एंटर दाबलं. डॉलरच्या खुणेच्या जागी रूटची चौकडी (#) उमटली. मी कोण, असं मशीनला विचारलं. उत्तर आलं: रूट. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"शॅडो फाइल उघड."

या फाइलमध्ये सगळ्यांच्या पासवर्डचे ठसे असतात आणि ती रूटला उघडतेच. मी आज्ञा दिली. उत्तर आलं: परवानगी नाही.

काही क्षण आम्ही दोघंही गप्प होतो. मग काका म्हणाले, "हा रूट नाही."

संशय गेला, कोडं मात्र तसंच राहिलं. मी एक रिकामी फाइल बनवली आणि ती रूटच्या नावावर केली. मशीनने तक्रार केली नाही, यादीतही मालक रूटच दिसला. तेवढ्यात काकांनी शेजारी दुसरी खिडकी उघडून तीच फाइल पाहिली. तिथे मालक म्हणून माझं नाव होतं. फाइल एक, वेळ तीच, आणि मालक दोन. काका शेतकरी घरातले. "एका गटाचे दोन सातबारे निघालेत," ते म्हणाले. "खरा कुठला ते शोधू."

धागा सापडला तो पहिल्या खिडकीच्या पर्यावरण-चलांमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला सोबत मिळणाऱ्या सूचनांमध्ये. त्यात 'एलडी प्रीलोड' नावाची एक ओळ होती आणि तिच्यापुढे फेकरूटच्या लायब्ररीचं नाव. इथे सगळं उलगडायला लागलं. फायलींची यादी देणारा प्रोग्रॅम कर्नलशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याशी, थेट बोलत नाही. तो सी लायब्ररीतल्या फंक्शनला हाक मारतो आणि ते फंक्शन कर्नलकडे जातं. प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या लोडरला एलडी प्रीलोड सांगतं, आधी ही लायब्ररी चढव. एकाच नावाची दोन फंक्शन असली तर आधी सापडलेलं चालतं. म्हणजे मालक बदलण्याची हाक कर्नलपर्यंत पोचण्याआधी वाटेतच अडवली जात होती.

अडवून पुढे काय? चालू प्रक्रियांची यादी काढली तर त्यात 'फेक्ड' नावाची एक प्रक्रिया शांत बसलेली. हाच तो दुसरा सातबारा लिहिणारा! कुठल्या डिस्कवरचा कुठला आयनोड, म्हणजे फाइलचा क्रमांक, कुणाच्या नावावर दाखवायचा याची नोंद तो ठेवतो. कुणी फाइलची माहिती मागितली की फेकरूटची लायब्ररी खरी माहिती आणते, त्यात फेक्डकडची नोंद भरते आणि उत्तर देते. आधी नोंद नसलेल्या फायलीही ती रूटच्याच दाखवते. शॅडो फाइल का उघडली नाही, तेही आता कळलं. फाइल उघडण्याच्या हाकेला फेकरूट हात लावत नाही, आणि ते दार कर्नलच्याच ताब्यात असतं.

माझी एवढ्यावर खात्री पटेना. फेकरूटच्या खिडकीतूनच स्टॅटिक बिझीबॉक्स या प्रोग्रॅमने त्याच फाइलची यादी काढली. त्याची सगळी फंक्शन त्याच्या पोटातच असतात, त्यामुळे प्रीलोडला तिथे शिरकाव नाही. मालक म्हणून माझं नाव आलं. काकांनी टेबलावर थाप मारली.

फेकरूट योस्ट विटेव्हीन यांनी १९९७ साली डेबियनसाठी लिहिलं. त्याआधीची अडचण खरी होती. पॅकेजमधल्या फायली रूटच्या नावावर हव्यातच. तिथे माझा वापरकर्ता क्रमांक गेला, तर दुसऱ्या मशीनवर तोच क्रमांक असलेल्या कुणालाही सगळ्यांच्या वापरातले प्रोग्रॅम बदलता येतील. म्हणून पॅकेज रूट होऊन बांधावं लागे, आणि बांधणीच्या फायलीत खोडण्याची एक आज्ञा चुकीच्या जागी पडली तरी अख्खं मशीन पुसलं जाण्याची भीती. मला या युक्तीचं फार अप्रूप वाटतं. अधिकार कुणालाच वाढवून मिळत नाही. फायलींचा गठ्ठा बांधणारा 'टार' हा प्रोग्रॅम तेवढा समजतो की फायली रूटच्या आहेत, आणि तसंच गठ्ठ्यावर लिहितो.

काकांनी पॅकेज पेन ड्राइव्हवर घेतलं आणि बाहेरच्या खोलीतल्या मशीनवर बसले. त्यांनी पासवर्ड टाइप केला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. शब्दकोश बसला. मग काकांनी मला बोलावलं, माझ्या साध्या खात्यातून यादी काढायला लावली, आणि शेजारच्या खिडकीत स्वतःच्या खात्यातून तीच काढली.

दोन्ही खिडक्यांत मालक एकच होता: रूट.