थोडक्या पैशांत नीटस पोशाख

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले किंवा लग्नसराई सुरू झाली, म्हणजे घरोघर कापडखरेदीचा विषय निघतो. मुलीच्या मनांत असतें कीं, मैत्रिणींच्या अंगावर जी नवी तऱ्हा दिसते ती आपल्याही अंगावर असावी. वडिलांच्या मनांत महिन्याचा हिशेब असतो. आणि या दोहोंच्या मध्यें आई उभी असते. मुलीची ही इच्छा म्हणजे निव्वळ छचोरपणा, असें कित्येक वडील माणसें समजतात. मला तसें वाटत नाहीं. आपण शोभिवंत दिसावें असें वाटणें हें त्या वयास साजेसेंच आहे, आणि चार जणींत आपणच तेवढ्या विटक्या कपड्यांत आहों, ही टोंचणी लहान नसते. उणीव असते ती खरेदीच्या ज्ञानाची. थोडक्या पैशांत चांगलें कसें दिसावें, ही विद्या आपल्याकडील बायकांना फार पूर्वींपासून अवगत होती, व ती त्यांच्या लुगड्या-चोळींतच विणलेली आहे. म्हणून प्रथम तिकडेच पाहूं.

कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत इळकल नांवाचें गांव आहे. तेथील लुगडें आपल्याकडे ‘इरकली’ या नांवानें पिढ्यान् पिढ्या नेसलें जात आहे. हें लुगडें विणण्याची रीत मोठी मजेची आहे. अंगाचा ताणा व पदराचा ताणा निरनिराळा तयार करतात, आणि मग एका ताण्याच्या धाग्यांचे फांस दुसऱ्याच्या फांसांत अडकवून दोन्ही जोडून घेतात. यामुळें प्रत्येक लुगड्यासाठीं हा जोड नव्यानें करावा लागतो. इतका खटाटोप कशासाठीं? तर अंग एका जातीच्या धाग्याचें व पदर दुसऱ्या जातीच्या धाग्याचा करतां यावा म्हणून. जुन्या पद्धतीच्या इरकली लुगड्याचें अंग सुती असे, पदर मात्र तांबड्या रेशमाचा व त्यांत पांढरी नक्षी. अंग रोज घांसलें जातें, घाम पितें, धुण्याच्या दगडावर आपटलें जातें; तेथें सूत. पदर खांद्यावरून पाठीवर येऊन सर्वांच्या दृष्टीस पडतो, तेथें रेशीम. संबंध रेशमी लुगडें ज्या घराला परवडण्यासारखें नव्हतें, त्या घरच्या बाईलाही रेशमाची शोभा मिळावी, अशी ही योजना आहे. पैसा कोठें खर्चावा व कोठें राखावा, हें या एका वस्त्रावरून जितकें कळतें तितकें अर्थशास्त्राच्या एखाद्या धड्यावरूनही कळणार नाहीं.

याच जिल्ह्यांत गुळेदगुड्ड नांवाचें दुसरें गांव आहे, व तें खणासाठीं प्रसिद्ध आहे. खण म्हणजे चोळीपुरतें कापड. परंपरेनें त्याचा उभा धागा रेशमी व आडवा सुती असतो, पन्हा अरुंद असतो, आणि दोन्ही बाजूंस कांठ असतात. आपल्याकडे सुवासिनीची ओटी भरावयाची ती खणानारळानेंच. म्हणून हा लहानसा तुकडा गरिबाच्या घरींही पोहोंचला. आतां यांतील खुबी पाहा. लुगडें मोठें, त्याला पैसा फार. तें वर्षाकांठीं एखाद-दुसरें घ्यावयाचें. खण लहान, त्याला पैसा थोडा; आणि ओटीच्या निमित्तानें तो आपण होऊन घरांत येई. चंद्रकळा एकच असली तरी तिच्यावर आज हिरवी चोळी, उद्यां जांभळी, परवां डाळिंबी! मोठें वस्त्र स्थिर ठेवावयाचें व बदल लहान वस्त्रांत करावयाचा, ही ती खुबी होय.

आजच्या पोशाखासही ही गोष्ट तंतोतंत लागू पडते. ज्या मुली सलवार-कुडता वापरतात, त्यांनीं सलवार काळी, पांढरी किंवा गडद निळी अशी, कशावरही शोभेल अशी घ्यावी, आणि हौस करावयाची ती ओढणींत करावी. ओढणीला कापड थोडें, शिवणावळ नाहीं, व ती लहान-मोठी होण्याचें भय नाहीं. साडी नेसणाऱ्या भगिनींनीं एका साध्या कांठाच्या साडीवर दोन-तीन निरनिराळ्या रंगांचे ब्लाऊज शिवून घेतले, तर पाहणारीला तीन साड्या दिसतात. यांत फसवणूक कोणाचीच होत नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांत या खणाचें दैव एकदम उघडलें आहे. जो तुकडा ओटींत पडून पेटींत जाई, त्याच कापडाच्या आतां साड्या, परकर, कुडते, पिशव्या, फार काय, पादत्राणेंसुद्धां निघतात. आणि संमेलनाच्या रंगमंचावर खणाची साडी व नाकांत नथ हा तर मुलींचा ठरलेलाच वेष झाला आहे. परंतु ‘खण’ या नांवानें मिळणारा बराच माल यंत्रमागावर विणलेल्या पॉलिएस्टरचा असतो, हें खरेदी करणारानें ध्यानांत ठेवावें. पॉलिएस्टर वाईटच, असें मात्र मी म्हणणार नाहीं. तो स्वस्त असतो, चुरगळत नाहीं, त्याचा रंग सहसा जात नाहीं, धुतल्यावर लौकर वाळतो. एका सायंकाळच्या नृत्यासाठीं तो घेतला तर बिघडलें कोठें? मात्र तो घाम शोषून घेत नाहीं, आणि वैशाखांतल्या दुपारीं लग्नमंडपांत बसण्याची पाळी आली म्हणजे या गोष्टीची आठवण पदोपदीं होते. तेव्हां पॉलिएस्टर पॉलिएस्टरच्या भावानें घ्यावा. रेशमाच्या भावानें घेऊं नये, एवढेंच माझें म्हणणें.

धागा ओळखण्याची एक सोपी रीत आहे. कापडाच्या कापलेल्या कडेचे दोन-तीन धागे उपसावे, व वडील माणसांच्या देखत, कापडापासून दूर, चिमट्यांत धरून पेटवावे. सुती धागा कागदासारखा भरभर जळतो व मऊ करडी राख राहते. रेशमाचा धागा जळतांना केंस जळल्यासारखा वास येतो, आणि राख बोटांनीं चुरडली जाते. पॉलिएस्टर आक्रसून वितळतो व थंड होतांच त्याचा कठीण मणी बनतो. यांत एक मेख आहे. ज्याला दुकानदार ‘आर्ट सिल्क’ म्हणतात तो बहुधा रेयॉन असतो. तो दिसतो रेशमासारखा, पण जळतो सुतासारखा. म्हणून चकाकणाऱ्या धाग्याला जळतांना कागदाचा वास आला, तर तें रेशीम नव्हे असें खुशाल समजावें. ज्यांना हा खटाटोप नको असेल त्यांनीं खुणेची चिठ्ठी पाहावी. शुद्ध रेशमासाठीं सन २००४ पासून ‘सिल्क मार्क’ व हातमागाच्या कापडासाठीं सन २००६ पासून ‘हॅण्डलूम मार्क’ अशा खुणा सुरू झालेल्या आहेत.

पैठणीविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं, कारण हल्लीं तिची हौस घरोघर आहे. येवल्याच्या खऱ्या पैठणीच्या पदरावरील मोर व वेली विणकर निरनिराळ्या रंगांचे धागे हातानें एकमेकांत गुंतवून काढतो. त्यामुळें पदर उलटून पाहिला तरी नक्षी उजव्या बाजूसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या पैठणीच्या पाठीमागें मोकळे धागे लोंबत असतात किंवा ते कातरलेले दिसतात. खऱ्या पैठणीला महिन्यामहिन्यांची मजुरी लागते, तेव्हां ती हजार-दोन हजारांत कशी मिळावी? ‘सेमी पैठणी’ असें सरळ सांगून विकणारा दुकानदार प्रामाणिक आहे, व ती नेसण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. कमीपणा असलाच तर तो तिला खरी म्हणून मिरवण्यांत.

कपडा इतका स्वस्त होतो कसा, हेंही समजून घेण्यासारखें आहे. मुंबईंत पहिली कापडगिरणी सन १८५६ मध्यें चालू झाली, इचलकरंजीस पहिला यंत्रमाग सन १९०४ मध्यें आला. यंत्राच्या वेगानें कापडाची किंमत उतरली, आणि गरिबाच्या अंगावर धड वस्त्र आलें. हा लाभ मोठा आहे. सन १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या पुष्कळ गिरण्या बंद पडल्या, तरी भिवंडी, मालेगांव व इचलकरंजी येथील यंत्रमाग आणि सुरतेचें कृत्रिम धाग्याचें कापड यांमुळें बाजारांत स्वस्त मालाला तोटा पडला नाहीं. परंतु यंत्रानें होणारी बचत एका मर्यादेपर्यंतच जाते. त्याखालीं किंमत उतरली, म्हणजे ती कोठून तरी कापून काढलेली असते: धाग्यांतून, शिवणींतून, नाहीं तर शिवणाऱ्याच्या मजुरींतून. पहिल्या दोन जागा आपल्याला डोळ्यांनीं दिसतात. तिसरी दिसत नाहीं. सन २०१३ च्या एप्रिल महिन्यांत बांगलादेशांत ढाक्याजवळ ‘राणा प्लाझा’ नांवाची आठ मजली इमारत कोसळली व तींत ११०० हून अधिक माणसें मेलीं. तेथें युरोप-अमेरिकेंतील दुकानांसाठीं स्वस्त तयार कपडे शिवले जात. आदल्या दिवशीं भिंतींना तडे गेलेले दिसले असतांही कामगारांना कामावर बोलावण्यांत आलें होतें. आणि त्यांत तरुण मुलींचा भरणा मोठा होता. आपण घेतों तो प्रत्येक स्वस्त कपडा असाच शिवला जातो, असें नव्हे. पण दर महिन्यास नवी तऱ्हा व दर महिन्यास उतरता भाव, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं मागणाऱ्यानें हें ऐकून ठेवलेलें बरें.

आतां प्रत्यक्ष बाजारांत जाऊं. मुंबईस मंगलदास मार्केट, पुण्यास लक्ष्मी रोड व तुळशीबाग हीं ठिकाणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. लहान गांवीं आठवड्याचा बाजार असतोच. तागे संपत आल्यावर उरलेले तुकडे दुकानदार ‘कटपीस’ म्हणून कमी भावानें विकतात, आणि ब्लाऊज किंवा लहान मुलीचा झगा शिवावयाचा तर याहून स्वस्त व चांगलें कापड मिळणें कठीण. लग्नसराई ओसरल्यावर भाव उतरतात. खादी भांडारांत २ ऑक्टोबरच्या सुमारास सूट मिळते. कापड दुकानांतील झगझगीत दिव्यांखालीं पसंत करूं नये, दाराशीं उजेडांत आणून पाहावें. दिव्याखालचा मोरपंखी पुष्कळदां घरीं येऊन निळा होतो. उजेडासमोर धरलें असतां विणींतून पलीकडचें फार दिसूं लागलें, तर वीण विरळ आहे. ओला हातरुमाल कापडावर चोळावा. रंग लागला तर तो पुढें शेजारच्या कपड्यांनाही लागेल. तयार कपडा मात्र उलटा करून पाहावा, सुलट नव्हे. शिवणीच्या आंत बोटभर कापड ठेवलेलें असलें, तर मुलगी वाढली तरी कपडा उसवून मोठा करतां येतो. आणि वाढत्या वयाच्या मुलीच्या आईला यासारखी दुसरी सवलत नाहीं.

घासाघीस करण्यांत आपल्या बायका पटाईत आहेत, तिजविषयीं मी काय सांगावें! एक मात्र आहे. वीस रुपये कमी करून घेतल्याच्या आनंदांत कापड तपासावयाचें राहून जातें, हें दुकानदारास पक्कें ठाऊक असतें, व म्हणूनच तो आधीं वीस रुपये चढवून सांगतो.

किंमत मोजण्याची रीतही थोडी बदलली पाहिजे. समजा, ४०० रुपयांचा तयार कुडता चार धुण्यांत विटला व दहा वेळां घालून टाकून द्यावा लागला. तर एका वेळेस ४० रुपये पडले. ९०० रुपयांचा चांगला सुती कुडता दोन वर्षांत शंभर वेळां घातला, तर एका वेळेस ९ रुपये. यावरून स्वस्त कोणता तें मुलींनीं ठरवावें. हाच हिशेब पालकांनींही एकदां करून पाहावा. मुलीनें ४०० रुपयांचा कुडता घेतला म्हणून जे रागें भरतात, तेच घरच्या लग्नांत १०,००० रुपयांचा शालू घेतात. तो दोनदां नेसला जातो व मग कपाटांत डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीस राहतो. एका वेळेस ५,००० रुपये! उधळेपणा नेहमीं लहानांचाच असतो, असें नाहीं.

नवें घेण्यापूर्वीं घरांतली पेटी एकदां उघडून पाहावी, अशी माझी सूचना आहे. नऊवारी लुगडें मध्यें विरलें, म्हणजे पूर्वीं तें टाकीत नसत. विरलेला भाग कापून दोन्हीकडचे धड तुकडे जोडीत, व याला दंड घालणें म्हणत. त्यानंतर त्याचा परकर होई, आणि अखेर गोधडींत त्याची घडी पडे. आजीचें इरकली किंवा आईची जुनी कांठापदराची साडी अशीच पडून असेल, तर तिचा कुडता किंवा झगा फार सुरेख होतो; कांठ घेराला लावावा, पदराचा भाग पाठीवर किंवा बाह्यांना यावा. शिंप्याकडे देण्यापूर्वीं कापड उजेडासमोर धरून विरलेल्या जागा खडूनें खुणावून ठेवाव्या, म्हणजे तो कापतांना त्या टाळील. आणि घड्यांवर रेशीम चिरलें असेल तर आंतून सुती अस्तर लावण्यास सांगावें. पहिलें धुणें थंड पाण्यांत, निराळें करावें, व कपडा उलटा करून सावलींत वाळत घालावा.