स्टेटस सिंगल, पत्ता गुहागर

‘मॅरिटल स्टेटस?’ लॅपटॉपवरचा प्रश्न मी मोठ्यानं वाचला. पडवीत सुपारी सोलत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, “खरं काय ते लिही. सरकारी काम आहे.”

लिहिलं. सिंगल! नात्यातल्या कुठल्याही लग्नात हा शब्द उच्चारा, चार जणी तरी हळहळतील. कॅनडाच्या पीआरच्या, म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सीच्या फॉर्मला मात्र त्याचं सुखदुःख नाही. तुम्ही एकटे? ओके. नेक्स्ट!

मी टोरांटोत नोकरी करते. वय ३३. माझं वर्क परमिट एकाच कंपनीशी बांधलेलं आहे. बॉसशी पटलं नाही तर राजीनामा द्यायचीही चोरी. पीआर झाला की कुठंही नोकरी करता येते, वाटलं तर मध्ये ब्रेक घेता येतो. त्यासाठीच हा सगळा खटाटोप. तीन आठवड्यांच्या सुट्टीत गुहागरला आले आणि सोबत फाइलही आणली.

मार्कांची शाळा

२०१५ च्या जानेवारीपासून कॅनडात ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ सुरू झाली. तिचा फंडा सोपा आहे. वय, शिक्षण, भाषा आणि तिथला अनुभव यांना मार्क. एकट्या उमेदवाराला या चार गोष्टींचे जास्तीत जास्त ५०० मिळतात. जोडीदार सोबत असेल तर तुमचे ४६० आणि त्याचे ४०. बेरीज तीच! म्हणजे लग्न केलं नाही म्हणून मागे पडलो, असं इथं तरी होत नाही.

खरी गोची वयाची. २० ते २९ पर्यंत पूर्ण ११० मार्क. तिशी गाठली की १०५, ३३ ला ८८, पुढच्या वाढदिवसाला ८३. पंचेचाळिशीत भोपळा! स्थळं सुचवणाऱ्या मावशीपेक्षाही हा कॉम्प्युटर कडक निघाला.

कसर भाषेत भरून काढायची. आयईएलटीएसमध्ये लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हीत ७ आले की मार्कांत सॉलिड उडी बसते. मराठी मीडियमच्या मला ती दुसऱ्या अटेम्प्टला जमली.

एकटे असाल तर...

जुन्या नोकरीचं पत्र आधी मागवा. मला माझ्या एका जुन्या कंपनीनं दोन ओळींचं पत्र दिलं होतं. पण त्यात कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, सगळं लागतं. पुन्हा विनवण्या! दोघं असले की एक जण फोन करतो, दुसरा फोटोकॉपी काढतो. इथं दोन्ही आपणच.

जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका. जॉब ऑफरचे जादा मार्क २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत.

प्रोफाइल भरलं म्हणजे पीआर मिळाला, असंही नाही. ड्रॉ निघतात, कट-ऑफ वरखाली होतो. आमंत्रण आलं की ६० दिवसांत पोलिस क्लिअरन्ससकट सगळं सादर करायचं. आणि मधल्या काळात लग्न ठरलं तर लपवू नका, कळवा. न कळवलेल्या जोडीदाराला पुढं बोलावणं फार अवघड जातं.

“म्हणजे आता तिकडचीच?”

शेजारचे काका व्याडेश्वराच्या देवळातून परतताना ओट्याशी थबकले. “म्हणजे आता तू तिकडचीच झालीस म्हणायची!”

“नाही हो काका. पासपोर्ट भारताचाच राहतो. नागरिकत्व घेतलं तरच तो परत करावा लागतो.”

“आणि वाडी?”

“वारसानं आलेली वाडी कुठं जात नाही.”

काकांचा विश्वास बसला नसावा. त्यांचंही बरोबर. गुहागरनं येणारे-जाणारे पाहिलेत. इथल्याच अंजनवेलला एन्रॉनच्या प्रकल्पातून १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये बंद पडली. मी तेव्हा नऊ वर्षांची. बाजारात दिसणारे गोरे इंजिनिअर एकाएकी दिसेनासे झाले. तेही कुणाच्या तरी परमिटवरच आले असणार, हे मला टोरांटोत गेल्यावर कळलं.

आईचा हिशेब

फॉर्ममध्ये आईला माझ्यासोबत न्यायचा रकाना नाही. पीआरसाठी सोबत जोडीदार आणि मुलं चालतात, आईवडील नाहीत. त्यांच्यासाठी सुपर व्हिसा आहे. २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मी उत्साहानं सांगितलं.

“पाच वर्षं? आणि वाडी कोण शिंपणार?” विषय संपला.

मग तिनंच विचारलं, “तुला तिकडे किती राहावं लागेल?”

“पाच वर्षांत ७३० दिवस. तेवढे भरले तर पीआर टिकतो.”

आईनं अडकित्ता खाली ठेवला. “पाच वर्षांचे दिवस किती?”

“१८२६. एक लीप इयर धरून.”

“म्हणजे उरले १०९६.”

“अगं, नोकरी असते ना! सुट्टी तीनच आठवडे...”

“मी कुठं सगळे मागतेय?”

मी काहीच बोलले नाही. इतके दिवस मी मार्क मोजत होते, ही दिवस मोजत होती. पडवीच्या त्या एकाच कोपऱ्यात रेंज येते. तिथं उभी राहून मी ‘सबमिट’ दाबलं. पीआर मिळालाच, तर पहिला ब्रेक पावसाळ्यातला. पूर्ण दोन महिने. आईला सांगितलं, तर म्हणाली, “साठ लिहून ठेवते.”