मतदारांची भीती व राष्ट्राध्यक्षांचा धर्म

१९६० साली जॉन केनेडी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा असंख्य मतदारांच्या मनात एका शंकेने घर केले. केनेडी रोमन कॅथलिक होते आणि तोवर त्या पंथाचा एकही मनुष्य या पदावर निवडून आला नव्हता. हा गृहस्थ राज्यघटनेपेक्षा रोमच्या पोपची आज्ञा श्रेष्ठ मानील, असे पुष्कळ प्रॉटेस्टंटांस वाटे. १९२८ साली अल् स्मिथ या कॅथलिक उमेदवारासही या भीतीची झळ लागली होती.

वस्तुतः सार्वजनिक पदासाठी धर्माची अट असू नये, असे अमेरिकेच्या घटनेतच नमूद आहे. परंतु केवळ कायद्याने मने निःशंक होत नाहीत. केनेडींनी हे ओळखले. १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेत ते स्वतः गेले. धर्मसंस्था व राज्य ही पूर्णपणे विभक्त असावीत, आणि सदसद्विवेकबुद्धी व राष्ट्रहित यांपैकी एकाचा भंग करण्याची वेळ आल्यास आपण पदत्याग करू, असे त्यांनी सांगितले व श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली.

केनेडी निवडून आले, मात्र सुमारे पावणेसात कोटी मतदानात त्यांचे मताधिक्य सव्वा लाखाहूनही कमी होते. पुढे १९६१ साली शाळांना केंद्रीय साहाय्य देण्याच्या आपल्या योजनेतून त्यांनी कॅथलिक शाळा वगळल्या व स्वतःच्याच पंथातील धर्माधिकाऱ्यांचा रोष पत्करला.

भीती वाटणे हा मतदाराचा दोष नव्हे. ती प्रश्नरूपाने उमेदवारापुढे मांडावी, उत्तर शांतपणे ऐकावे आणि कृतीवरून त्याची पारख करावी, हेच सुजाण नागरिकाचे कर्तव्य होय.