फवारणीमुळे कॅन्सर होतो का?

शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर हे औषध फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

हे मृत्यू मोजले गेले, कारण ते लगेच झाले. कॅन्सर कित्येक वर्षांनी उघड होतो. परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचलेल्या शेतकऱ्याने तेव्हा काय फवारलं होतं, याची नोंद सहसा कुठेच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये मॅलाथिऑन आणि ग्लायफोसेट ‘बहुधा कॅन्सरकारक’ ठरवले. म्हणजे फवारणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होतोच असं नाही. औषध किती वर्षं, किती अंगावर पडलं, यावर धोका ठरतो.

आणि ते बरंचसं कातडीतून भिनतं. नुसता तोंडाला रुमाल बांधून काय होणार? पाठीवरचा पंप गळका असेल तर शर्ट भिजतो, आणि तोच शर्ट संध्याकाळपर्यंत अंगावर असतो.